हिवाळ्यात डोंगरावरच्या छोट्या गावी एका दिवसाची कौटुंबिक सहल: परतीपासून सुरू होणारे नियोजन

हिवाळ्यात डोंगरावरच्या एखाद्या छोट्या गावी मुलाबाळांसह एका दिवसात जाऊन येण्याचा बेत बहुतेक घरांत एकाच पद्धतीने आखला जातो. सकाळी किती वाजता निघायचे हे ठरते, तिथे काय काय पाहायचे याची यादी होते आणि परत कधी निघायचे हा प्रश्न ‘तिथे गेल्यावर बघू’ असे म्हणून सोडून दिला जातो. सहल बिघडते ती नेमकी इथे. थकलेली मुले, ओले हातमोजे, मावळलेले ऊन आणि गोठू लागलेला घाट या चारही गोष्टी संध्याकाळी एकाच वेळी समोर येतात, आणि त्या वेळी सुधारण्यासारखे फारसे काही हातात उरलेले नसते.

म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. आधी परतीची वेळ ठरवायची, मग तिच्यावरून बाकीचा दिवस मागे मागे मोजत यायचा, आणि कपडे, गाडी व सामान यांची तयारी सकाळच्या नव्हे तर संध्याकाळच्या परिस्थितीला पुरेल अशी करायची. लेखात स्वतःच्या गाडीने, बर्फ पडतो अशा उंचीवर, लहान मुले आणि वडीलधारी माणसे सोबत घेऊन जाणारे कुटुंब गृहीत धरले आहे.

1. परतीची वेळ आधी ठरवा

नकाशावरचे अंतर पाहण्याआधी त्या दिवशी सूर्यास्त किती वाजता आहे ते पाहावे. डोंगराच्या कुशीत किंवा दरीत वसलेल्या गावात सूर्य दिलेल्या वेळेच्या बराच आधी कड्याआड जातो आणि ऊन गेले की हवा झपाट्याने गार होते. दुपारच्या उन्हात रस्त्याच्या कडेचा बर्फ वितळून डांबरावर पाणी पसरलेले असते. तेच पाणी सूर्य आड गेल्यावर पुन्हा गोठते आणि रस्त्यावर बर्फाचा इतका पातळ, पारदर्शक थर तयार होतो की खालचे काळे डांबर जसेच्या तसे दिसत राहते. याला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. सकाळी ज्या वळणावरून गाडी सहज वर आली, तेच वळण संध्याकाळी धोक्याचे होते ते यामुळे.

आता उलटे मोजा. समजा सूर्यास्त 5.30 वाजता आहे. शेवटचा अर्धा तास राखीव ठेवा, म्हणजे घाट 5 वाजता संपलेला हवा. नकाशा घाट उतरायला 50 मिनिटे दाखवत असेल तर बर्फाच्या दिवसांत त्याची दुप्पट, म्हणजे 1 तास 40 मिनिटे धरा, गाडी 3.20 वाजता हलली पाहिजे. ओले कपडे बदलणे, स्वच्छतागृह, गाडीपर्यंत चालत जाणे आणि मुलांना बसवणे यांत 40 मिनिटे सहज जातात. याचा अर्थ खेळ आणि भटकंती 2.40 वाजता थांबवायची. ही वेळ कागदावर लिहून घरातल्या सर्वांना, मुलांनाही, आदल्या दिवशीच सांगून ठेवावी.

या हिशेबातून सकाळची वेळ आपोआप निघते. गावात चार तास हवे असतील तर साडेदहापर्यंत पोहोचावे लागेल. एका बाजूचा प्रवास तीन तासांहून अधिक असेल, तर लहान मुलांसह एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यात मुक्कामाची वेळ इतकी आखूड होते की कोणी ना कोणी 2.40 चे 4 वाजवतेच.

बस किंवा रेल्वेने जाणाऱ्यांनी शेवटच्या गाडीला परतीची गाडी न मानता तिच्या आधीच्या गाडीचा बेत करावा. शेवटची गाडी रद्द झाली तर दुसरा मार्ग उरत नाही.

*तपासणी:* मुक्काम करावा लागलाच तर गावात किंवा घाटाच्या पायथ्याशी कुठे थांबता येईल, ते ठिकाण आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक आधीच टिपून ठेवला आहे ना?

2. हवामान दोनदा पाहा: आदल्या संध्याकाळी आणि निघण्याआधी

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे आपल्या शहराचे किंवा पायथ्याच्या गावाचे हवामान पाहून निघणे. साधारण 1000 मीटर वर चढले की तापमान सुमारे 6.5 अंश सेल्सिअसने उतरते. पायथ्याशी 6 अंश असतील तर हजार मीटर वरच्या गावात तापमान शून्याच्या आसपास असणार, आणि खाली पडणारा पाऊस तिथे बर्फ होऊन पडत असणार. कधी कधी याच्या उलटही घडते: गार, जड हवा रात्री दरीत साचून राहते आणि खालचा रस्ता वरच्या गावापेक्षा जास्त थंड व धुकट असतो. म्हणून गावाचे, घाटमाथ्याचे आणि पायथ्याचे अंदाज वेगवेगळे पाहावेत.

तापमानाइतकेच महत्त्व वाऱ्याला द्यावे. उणे 5 अंश तापमानात ताशी 30 किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला तो गारठा उणे 13 अंशांइतका जाणवतो. मोकळ्या पठारावरचा खेळ करायचा की गल्ल्यांच्या आडोशाने फिरायचे, हे वाऱ्यावरून ठरते.

अंदाजात बर्फवृष्टीची वेळ पाहावी. रात्री बर्फ पडून पहाटे आभाळ मोकळे झाले असेल, तर दिवसा रस्ता साफ होण्याची आशा असते. दुपारी बर्फ सुरू होणार असेल, तर तो नेमका तुमच्या उतरण्याच्या वेळेत पडेल. पहिल्या परिस्थितीत थोडे उशिरा निघून जाता येते. दुसऱ्या परिस्थितीत जाऊच नये. त्या भागातील रस्ते खात्याची सूचना, घाट खुला आहे की बंद, आणि चाकांना बांधायच्या साखळ्या किंवा हिवाळी टायर सक्तीचे आहेत का, हे निघण्याआधी पुन्हा पाहावे. ही सक्ती अनेक देशांत कायद्याने असते आणि नाक्यावरून गाडी परत पाठवली जाते.

*इशारा:* हिमस्खलनाचा इशारा दिलेला असेल तर ‘आम्ही फक्त गावात फिरणार आहोत’ हे कारण पुरेसे नाही. गावाकडे जाणारा रस्ता त्याच उताराखालून जात असू शकतो.

3. कपड्यांचे तीन थर, आणि प्रत्येकाचे काम वेगळे

एक जाडजूड जाकीट घातले की झाले, हा समज सोडून द्यावा. आतल्या थराचे काम घाम त्वचेपासून दूर नेणे, मधल्याचे काम उबदार हवा धरून ठेवणे आणि बाहेरच्याचे काम वारा व पाणी अडवणे. तिन्ही कामे एकाच कपड्याकडून नीट होत नाहीत.

आतला थर सुती नसावा. सुती कापड घाम शोषून धरून ठेवते आणि ओले झाल्यावर अंगातली ऊब वेगाने काढून घेते. बनियन, मोजे आणि मुलांच्या आतल्या विजारीही यात आल्या. वरून उत्तम लोकरी स्वेटर आणि पायांत सुती मोजे, असे करणारे पुष्कळ जण आढळतात. लोकर किंवा घाम सुकवणारे कृत्रिम धाग्याचे कापड घ्यावे. मधल्या थराला लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, आणि बाहेरून वाराबंद, पाणी न शिरणारे जाकीट. मुलांना विजारीवरूनही पाणी न शिरणारी सैल विजार घालावी, कारण मुले बर्फात उभी राहत नाहीत. बसतात, लोळतात, गुडघ्यांवर रांगतात.

बुटांच्या बाबतीत घट्टपणा हा थंडीइतकाच मोठा शत्रू आहे. पाय गार पडतील म्हणून मोज्यांच्या दोन जोड्या एकावर एक चढवल्या आणि बूट त्यामुळे आवळला, तर पायाकडचा रक्तप्रवाह कमी होऊन बोटे आणखी गार पडतात. एकच जाड लोकरी जोडी घालावी आणि बुटात बोटे मोकळी हलतात का, हे घरीच पाहावे. तळवा खोल नक्षीचा असावा.

हातांसाठी मुलांना पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र ठेवणारे हातमोजे चांगले. बोटे एकमेकांची ऊब राखतात. ते पाणी न शिरणारे असावेत आणि प्रत्येक मुलामागे किमान दोन जोड्या असाव्यात. एका सहलीत मी माझ्या मुलासाठी लोकरीचा एकच जोड नेला होता. पहिल्या वीस मिनिटांत तो चिंब झाला, त्यानंतर मुलाने खिशातून हात काढले नाहीत आणि आम्ही दिवसभराची सहल तासाभरात आवरून परत फिरलो. तेव्हापासून हातमोज्यांची मोजणी मी सामानाच्या यादीत सर्वांत वर ठेवते.

गळ्याभोवती लांब मफलर गुंडाळण्याऐवजी डोक्यातून घालायचा नळीसारखा गळपट्टा मुलांना द्यावा. घसरगुंडीवर किंवा पाळण्यात मफलरचे टोक अडकून गळा आवळला जाण्याचा धोका असतो.

हिवाळ्यात ऊन लागत नाही, हाही गैरसमज आहे. दर 1000 मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे 10 टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांतील 80 टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. म्हणजे ऊन वरून लागते तसे खालूनही लागते. हनुवटीखाली, नाकपुड्यांजवळ आणि कानांच्या मागेही सनस्क्रीन लावावे, आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा मुलांनाही द्यावा. बर्फावरच्या उन्हाने डोळ्यांना झालेली इजा काही तासांनंतर, बहुधा परतीच्या वाटेवर किंवा रात्री, जाणवू लागते.

*इशारा:* कडेवर, झोळीत किंवा बाबागाडीत असलेले तान्हे बाळ स्वतः हालचाल करत नाही, म्हणून चालणाऱ्या माणसाला ऊब वाटत असतानाही बाळ गारठलेले असू शकते. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याच्या मानेच्या मागच्या बाजूला हात लावून पाहावे. हात-पाय गार लागणे एवढ्यावरून अंदाज बांधू नये.

4. गाडी आदल्या दिवशीच तयार करा

गाडीची तपासणी पहाटे अंधारात केली तर ती अर्धवट होते. आदल्या दुपारी पुढील गोष्टी पाहाव्यात.

टायर: हवा थंड टायरमध्ये मोजावी. तापमान 10 अंशांनी उतरले की टायरमधला दाब साधारण 2 पीएसआयने कमी होतो, त्यामुळे उबदार ठिकाणी बरोबर भरलेली हवा वर कमी पडते. बर्फात पकड वाढावी म्हणून मुद्दाम हवा कमी करू नये. नक्षी झिजलेली असेल तर त्या टायरवर घाटात जाऊ नये. स्टेपनीतली हवाही पाहावी.

बॅटरी: थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिन फिरवायला मात्र जास्त जोर लागतो. जुनी बॅटरी घरासमोर कशीबशी गाडी चालू करत असेल, तर ती वर दगा देण्याची शक्यता पुष्कळ. विजेवर चालणाऱ्या गाडीचा एका चार्जमधला पल्ला थंडीत लक्षणीय कमी होतो आणि केबिन गरम ठेवण्यातही वीज जाते. गाडी किती अंतर दाखवते त्यावर विसंबून घाट चढू नये.

काच: वायपरच्या टाकीत साधे पाणी असेल तर ते गोठते. न गोठणारे द्रावण भरावे. काचेवरचा बर्फ काढायला खरवडणी आणि लांब दांड्याचा ब्रश सोबत घ्यावा. काचेवर गरम पाणी कधीही ओतू नये, काच तडकते.

इंधन: पायथ्याशी टाकी भरूनच वर जावे आणि ती अर्ध्याखाली उतरू देऊ नये. घाटात गाडी तासन् तास अडकली तर हीटर याच इंधनावर चालणार आहे. डिझेल गाडी असेल तर एक गोष्ट अधिक पाहावी: उष्ण भागात भरलेले साधे डिझेल कडक थंडीत मेणासारखे घट्ट होऊन फिल्टर तुंबवू शकते. थंड प्रदेशातल्या पंपावर हिवाळ्यासाठीचे डिझेल मिळते, ते भरावे.

आता साखळ्या. चाकांना बांधायच्या साखळ्या विकत घेऊन पिशवी न उघडता डिकीत टाकणे, ही या संपूर्ण तयारीतली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. साखळ्या तुमच्या टायरच्या मापाच्या आहेत का, गाडीच्या माहितीपुस्तिकेत त्या वापरायला परवानगी आहे का, आणि इंजिनाची ताकद कोणत्या चाकांना मिळते, हे घरी पाहावे. ज्या चाकांना ताकद मिळते त्यांना साखळ्या बांधायच्या. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत कोणत्या चाकांना बांधायच्या ते पुस्तिकेत दिलेले असते. मग घरासमोर कोरड्या जमिनीवर, हातमोजे घालून, दोनदा बांधून आणि सोडून पाहावे. पहिल्या वेळी अर्धा तास लागला तरी हरकत नाही. तोच अर्धा तास घाटात, वाऱ्यात, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना घालवायचा नसेल तर सराव इथेच झाला पाहिजे.

*तपासणी:* साखळ्यांच्या पिशवीतच जुनी सतरंजी किंवा गुडघ्याखाली घालायचे रबर, रबरी हातमोजे आणि कपाळावर बांधायची बॅटरी ठेवली आहे का?

5. सामान भरताना जे आधी लागेल ते शेवटी ठेवा

सामान भरण्याचा क्रम उतरवण्याच्या क्रमाच्या उलट असतो, हे सर्वांना माहीत असते. तरीही साखळ्या आणि फावडे तळाशी जातात आणि त्यांवर बर्फात घसरायच्या गाड्या, पिशव्या व खाऊ चढतो. डिकीच्या दाराजवळ, हात घालताच सापडतील अशा, चार गोष्टी ठेवाव्यात: साखळ्या, लहान फावडे, काच खरवडणी आणि चाकाखाली टाकायला वाळूची लहान गोणी.

प्रत्येक मुलासाठी एक स्वतंत्र पिशवी भरावी. तिच्यात कोरडे मोजे, आतला कपडा, विजार आणि हातमोजे असावेत. ही पिशवी गावात न उघडता फक्त परतीच्या वेळी उघडायची. सहलीचा शेवट सुखाचा होतो तो कोरड्या मोज्यांमुळे, हे मी अनुभवाने सांगते.

गाडीच्या आत, डिकीत नव्हे, माणशी एक पांघरूण, दोन थर्मास, पिण्याचे पाणी, न गोठणारा आणि हातमोजे न काढता खाता येईल असा खाऊ, नेहमीची औषधे, उलटीच्या पिशव्या आणि प्रथमोपचाराची पेटी असावी. थंडीत तहान जाणवत नाही, पण कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जातच असते. मुलांना आठवणीने पाणी पाजावे.

मोबाइल आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावा. गारठलेला मोबाइल बरीच बॅटरी शिल्लक दाखवत असतानाही अचानक बंद पडू शकतो. पॉवर बँकही अंगाजवळच असावी आणि गारठलेला फोन आधी ऊब देऊन मग चार्जिंगला लावावा. त्या भागाचा नकाशा नेट नसतानाही उघडेल असा उतरवून घ्यावा. गावाबाहेरच्या एका विश्वासू व्यक्तीला मार्ग आणि परतीची वेळ सांगून निघावे.

6. घाट चढताना

गाडीत बसवण्याआधी मुलांची जाड जाकिटे काढा. फुगीर जाकिटावरून आवळलेला बालआसनाचा पट्टा घट्ट वाटतो, पण धडक बसताच जाकीट दबते आणि पट्टा सैल पडतो. पातळ थरावर पट्टा आवळावा आणि मग पांघरूण वरून घालावे.

चढताना वेग कमी आणि सारखा ठेवावा. सुरुवात दुसऱ्या गिअरमध्ये केली तर चाके जागीच फिरण्याची शक्यता कमी होते. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवावे. गोठलेल्या रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीच्या चालकांना मी हे मुद्दाम सांगते: ती व्यवस्था गाडी पुढे न्यायला मदत करते, थांबवायला नाही. निसरड्या उतारावर अशी गाडी इतर गाड्यांइतकीच घसरते.

पुलांवर आणि सावलीतल्या वळणांवर आधीच वेग कमी करावा. पुलाच्या खालूनही गार हवा वाहत असल्यामुळे बाकीचा रस्ता ओला असताना पूल गोठलेला असतो.

साखळ्या बांधायची वेळ आली तर ती चाके घसरायला लागण्याआधी ओळखावी आणि सपाट, रुंद जागी थांबावे. चढावर किंवा वळणाच्या आड थांबू नये. बांधल्यावर थोडे अंतर हळू जाऊन पुन्हा थांबावे आणि साखळ्या ताणून घ्याव्यात. साखळ्यांवर ताशी 50 किलोमीटरच्या वर जाऊ नये. अनेक साखळ्यांची मर्यादा याहूनही कमी असते. मोकळे डांबर लागले की त्या काढाव्यात.

*इशारा:* घाटात गाडी सुटत नसेल, साखळ्या बसत नसतील किंवा समोरचे दिसत नसेल, तर सुरक्षित जागा पाहून परत फिरा. वरचा रस्ता याहून सोपा असण्याचे काहीच कारण नसते.

7. पोहोचल्यावरचा पहिला अर्धा तास

गाडी शक्यतो सपाट जागी, तोंड बाहेरच्या दिशेने करून आणि छपराखाली नसलेल्या ठिकाणी लावावी. छपरावरचा बर्फ दुपारच्या उन्हात एकदम खाली कोसळतो. वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. ओल्या बर्फातून आलेल्या गाडीचा हँडब्रेक गोठून अडकू शकतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना अडसर लावला तर तो न ओढताही चालते.

मुलांना लगेच बर्फात सोडू नये. आधी स्वच्छतागृह, मग थोडे खाणे आणि पाणी, मग कपड्यांचे थर आणि शेवटी हातमोजे. हा क्रम उलटा झाला की तिन्ही थर चढवून झाल्यावर कोणाला तरी स्वच्छतागृहाला जायचे असते आणि वीस मिनिटे तिथेच जातात. याच वेळेत ऊब घ्यायला बसता येईल अशी एक जागा हेरून ठेवावी आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचे तेही मुलांना दाखवावे.

गाव 2500 मीटरच्या वर असेल तर कोणाला डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर जाणवते का, याकडे लक्ष ठेवावे. अशा वेळी विश्रांतीने बरे वाटले नाही किंवा त्रास वाढला, तर खाली उतरणे हाच उपाय आहे. हृदयाचा किंवा श्वासाचा विकार असलेल्यांनी अशा उंचीवर जाण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

8. बाहेर असताना: वेळेचे तुकडे पाडा

लहान मुलांसाठी 30 ते 40 मिनिटे बाहेर आणि 15 ते 20 मिनिटे आत, असा फेरा ठेवावा. कडक वाऱ्यात बाहेरचा वेळ निम्मा करावा. मुले ‘थंडी वाजत नाही’ म्हणतात ते खेळाच्या भरात. त्यांच्या शब्दांवर नव्हे, लक्षणांवर विसंबावे. मुलांचे शरीर आकारमानाच्या मानाने जास्त उष्णता गमावते.

घसरगाडीवर बसायचे ते पाय पुढे करून, डोक्यावर हेल्मेट घालून. उताराचा शेवट मोकळ्या सपाट जागेत होत असावा. रस्ता, झाड, कुंपण किंवा पाणी समोर असेल तर तो उतार कितीही सुंदर दिसला तरी सोडून द्यावा. गोठलेल्या तळ्यावर, स्थानिक यंत्रणेने ते खुले केले नसेल तर, पाऊल ठेवू नये. बर्फाची जाडी वरून पाहून कळत नाही, आणि इतरांच्या पावलांचे ठसे हा पुरावा नव्हे. छपरांच्या कडांना लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांखालून चालू नये.

थंडीची लक्षणे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने पाठ करावीत. नाक, कान, गाल किंवा बोटे आधी लाल होतात, झोंबतात. मग फिकट पडून बधिर होतात. बधिरपणा म्हणजे आराम नव्हे, तो धोक्याचा इशारा आहे. तत्काळ आत जावे, ओले काढावे आणि तो भाग काखेत किंवा उबदार तळहातात धरावा. चोळू नये, बर्फ तर मुळीच लावू नये. शेकोटीजवळ किंवा हीटरसमोर धरू नये, कारण बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही. त्वचा मेणासारखी, टणक दिसत असेल तर डॉक्टरांकडे न्यावे.

सतत कुडकुडणे, अडखळते बोलणे, हातातून वस्तू पडणे, चालताना झोक जाणे आणि विनाकारण झोप येणे ही शरीराचे आतले तापमान उतरू लागल्याची चिन्हे आहेत. 35 अंशांखालचे शरीराचे तापमान ही तातडीची वैद्यकीय स्थिती असते. तान्ह्या बाळाची त्वचा लालबुंद पण गार लागत असेल आणि बाळ मलूल झाले असेल, तरीही हेच समजावे. उबदार जागा, कोरडे कपडे, छाती-पोटाला ऊब आणि तातडीची मदत, हा क्रम ठेवावा. माणूस पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम, गोड पेय द्यावे. मद्याने ऊब येते हा समज घातक आहे. त्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीरातली उष्णता आणखी वेगाने बाहेर जाते.

*तपासणी:* दुपारी 1 वाजता थांबून तीन गोष्टी पाहा: आभाळ, मुलांचे मोजे आणि मोबाइलची बॅटरी. यांतल्या दोन गोष्टी ठीक नसतील तर ठरलेल्या वेळेच्या एक तास आधी निघा.

9. निघण्याची वेळ पाळणे

या टप्प्याबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे, पण लोक चुकतात ते इथेच. 2.20 वाजता मुलांना ‘अजून दोन फेऱ्या’ असे मोजून सांगावे, 2.40 ला हालचाल सुरू करावी. एका मोठ्या माणसाने आधी जाऊन गाडीच्या सर्व काचा, दिवे आणि छपरावरचा बर्फ साफ करावा. छपरावर सोडून दिलेला बर्फ ब्रेक लावताच पुढच्या काचेवर येतो किंवा मागच्या गाडीवर उडतो. दुसऱ्याने मुलांना आत नेऊन कोरडे कपडे घालावेत. ओले कपडे एका बंद पिशवीत भरावेत. ते गाडीत पसरले की काचांवर आतून धुके चढते.

चालकाने या वेळी खाऊन-पिऊन, दहा मिनिटे शांत बसून मगच चाक हातात घ्यावे. दिवसभर बर्फात मुलांमागे धावलेला माणूस थकलेला असतो. शक्य असेल तर उतरताना गाडी चालवणाऱ्याने दुपारचा खेळ सोडून द्यावा.

10. घाट उतरताना

ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावे. वेग इंजिनाने रोखला जावा, ब्रेकने नव्हे. सतत ब्रेक दाबून उतरल्यास ते तापतात आणि त्यांची पकड घटते. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, हलकेच लावून संपवावा. वळणात ब्रेक, वेग आणि चाकाचा झटका या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. मागचा भाग घसरू लागला तर पाय वेगावरून काढून, ज्या दिशेला जायचे आहे तिकडे पाहत चाक हळू वळवावे. चाके अडकू न देणारी ब्रेकप्रणाली असेल तर आणीबाणीत ब्रेक पूर्ण दाबून ठेवावा; पायाखाली थरथर जाणवते ती प्रणालीचे काम आहे, बिघाड नव्हे.

उतरताना कान दुखतात ते बाहेरचा दाब वाढल्यामुळे. मोठ्या मुलांना घोट घोट पाणी द्यावे आणि जांभई द्यायला सांगावे. बाळ बालआसनातच राहावे. त्याला अंगावर किंवा बाटलीने पाजायचे असेल तर गाडी सुरक्षित जागी थांबवून पाजावे.

11. गाडी अडकून पडली तर

गाडी सोडून चालत निघू नये. गाडी हा आडोसाही असतो आणि शोधणाऱ्यांना तीच आधी दिसते. धोक्याचे दिवे लावावेत, तातडीच्या क्रमांकावर ठिकाण कळवावे, आणि मग बाहेर जाऊन एक्झॉस्टच्या नळीभोवतीचा बर्फ फावड्याने काढावा. ही नळी बर्फाने बंद असताना इंजिन चालू ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, आणि त्याला रंग नसतो, वास नसतो. इंजिन तासातून दहा मिनिटे चालू करून हीटर लावावा, तेवढ्या वेळात ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच थोडी उघडी ठेवावी, आणि बर्फ पडत असेल तर इंजिन चालू करण्याआधी दर वेळी नळी पुन्हा पाहावी. बाकी वेळ सर्वांनी एकमेकांजवळ, पांघरुणांत बसावे, मुले मध्ये. कोणी एक मोठे माणूस जागे राहील असे पाहावे.

12. घरी पोहोचल्यावर

ज्या व्यक्तीला परतीची वेळ सांगितली होती तिला आधी कळवावे. ओल्या बुटांत कागद कोंबून, तो बदलत बदलत ते सावलीत सुकवावेत, हीटरला टेकवून ठेवू नयेत. साखळ्या कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण कोरड्या करून, गुंता न होईल अशा पिशवीत भराव्यात. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ त्यांना एका रात्रीत गंज चढवू लागते. गाडीचा खालचा भागही त्याच आठवड्यात धुऊन घ्यावा.

झोपण्याआधी, सगळे आठवत आहे तोवर, 2.40 ला ठरलेली हालचाल प्रत्यक्षात किती वाजता सुरू झाली आणि घाट उतरायला किती वेळ लागला, हे दोन आकडे त्याच कागदावर लिहून ठेवावेत. पुढच्या सहलीचा हिशेब नकाशाच्या अंदाजावरून न करता या आकड्यांवरून करावा.